सासूबाईंचा पोचा

तुम्हाला म्हणून सांगतो, निर्णय घ्यावा तर मी! ही उगाच फुशारकी नाही, माझा धंदाच तो आहे. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेली गाडी गॅरेजमध्ये आली की मला फोन येतो. मी जातो, गाडीभोवती एक फेरी मारतो, पोच्यावर पट्टी ठेवून फोटो काढतो आणि सांगून टाकतो: हे दार ठोकून सरळ होईल, ते बॉनेट बदलावं लागेल. तीन मिनिटं! चौथं मिनिट मी चहाला देतो. सतरा वर्षांत एकाही दारासमोर उभा राहून मी 'बघू, विचार करून सांगतो' असं म्हटलेलं नाही.

घरचं मात्र जरा वेगळं आहे. आमचा सोफा घ्यायला मला चार वर्षं लागली. खिडकीच्या पडद्यांचा रंग अजून ठरायचाय, तोवर तिथे तात्पुरती चादर लावली आहे. ती लावली तेव्हा मुलगी बालवाडीत होती. आता ती होस्टेलवर राहते आणि तिच्या खोलीला पडदे आहेत.

तर एका सोमवारी सासऱ्यांकडून एक खोकं आलं. उघडलं तर जुन्या मफलरीत गुंडाळलेलं त्यांचं कॉर्नेट! कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा बुटका, गुबगुबीत भाऊ. सासरे कारखान्याच्या बँडमध्ये तीस वर्षं हे वाजवत होते. त्यांना ते त्यांच्या बँडमास्तरानं दिलं होतं आणि त्या मास्तराकडेही ते जुनंच आलं होतं, म्हणजे शंभरी केव्हाच उलटलेली. पितळ काळवंडलेलं, नळ्यांच्या वळणांत हिरवट थर, आणि कर्ण्याच्या फुगीर भागावर अंगठा मावेल एवढा एक पोचा. सोबत चिठ्ठी: 'जावईबापू, हे एकदा बघून घ्यावे. काय करायचे ते आपणच ठरवावे. मी रविवारी येतो.'

इथे माझ्या सासरच्या मंडळींची एक रीत सांगायला हवी. त्या घरात कुणी कधी काही सरळ मागत नाही. तहान लागली तर 'आज जरा उकडतंयच' म्हणतात आणि दुसऱ्यानं ओळखून पाणी आणायचं. मला जावई म्हणून पसंत केलं, तेही सासऱ्यांनी माझ्या वडिलांना 'मुलाच्या चपला नीट ठेवलेल्या असतात' अशा शब्दांत कळवलं होतं. आमच्याकडे त्यावर दोन दिवस खल चालला होता.

"बाबांना ते दुरुस्त करून हवंय की नकोय?" मी बायकोला विचारलं.

"तुझ्यावर सोपवलंय ना? मग ठरव तू."

"बुधवारपर्यंत निकाल देतो!"

"कुठल्या वर्षातल्या बुधवारी?" असं म्हणून ती चादर नीट करायला गेली.

हे मला लागलं! सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून सासरे घरात एकटे, कुणाकडे काही मागणं नाही की सांगणं नाही. त्यांनी इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच आपली एखादी वस्तू कुणाच्या हाती सोपवली होती, आणि ती माझ्या! आता चूक होऊन चालणार नव्हतं.

मंगळवारी मी तज्ज्ञ गाठले. जुन्या वस्तूंच्या दुकानदारानं डोळ्याला भिंग लावलं आणि मी तान्ह्या बाळाला थंडीत उघडं आणलं असावं तसा माझ्यावर खेकसला. "हात लावू नका! हा काळेपणा यायला शंभर वर्षं लागलीत. ब्रासोचं पॉलिश लावलंत तर याचा तांब्या होईल!"

मी तडक एका संगीत शिक्षिकेकडे गेलो आणि दुकानदाराचं बोलणं तिला सांगितलं. तिनं कॉर्नेटच्या नळीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "वाजत नसेल तर हे वाद्य कसलं? आत्ताच तांब्या झालाय याचा. सगळं काढा, घासा, पोचा तर आधी काढा!"

दोघांचंही म्हणणं मला शंभर टक्के पटलं. तिथेच घात झाला!

त्यानंतर मला एका जागी बसवेना. कॉर्नेट हातात घेऊन मी घरभर फिरायला लागलो. दिवाणखान्यात असलो की वाटायचं, घासावं. स्वयंपाकघरापर्यंत पोचलो की वाटायचं, नको. बायकोनं शेवटी मला बाल्कनीत उभं केलं आणि सांगितलं, "तुझं ठरेपर्यंत इकडे आत-बाहेर करू नकोस, लादी आत्ताच पुसलीय." बाल्कनीत मी घासावं आणि नको यांच्या बरोब्बर मध्ये उभा राहिलो.

बुधवारी ऑफिसात एका दाराचे फोटो बघून 'बदला' म्हणायच्या ऐवजी मी 'बघू' म्हणालो. सतरा वर्षांत पहिल्यांदा! साहेबांनी मान वर करून बघितलं. हे आता कुठेतरी थांबायला हवं होतं. मी स्वतःला बजावलं, अरे, पॉलिश हा तुझा विषय नाही. पण पोचा? पोचा तर तुझाच! तुझ्या डोळ्यांसमोर एक पोचा आहे आणि तू तो तसाच ठेवतोस? मी बॅगेतून कॉर्नेट काढून टेबलावर ठेवलं, पट्टी लावली, सवयीनं चारी बाजूंनी फोटो काढले आणि तीन मिनिटांत निकाल दिला: ठोकून सरळ होईल. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता तुम्ही म्हणाल, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे जायचं. पण सर्व्हेअरच्या डोक्यात पोचा म्हटलं की गॅरेजच येतं. मी गेलो ठोकमास्तरांकडे. ठोकमास्तर म्हणजे पत्र्याच्या कामातला देव माणूस! चेपलेल्या दारावरून ते असा हात फिरवतात की दाराला स्वतःहून सरळ व्हावंसं वाटतं. अडचण एकच होती. मागच्याच महिन्यात त्यांच्याकडच्या एका गाडीबद्दल मी अहवालात लिहिलं होतं, 'डावीकडील पोचा अपघातातील नसून गॅरेजमध्ये मारलेला दिसतो.' तेव्हापासून ते माझ्याशी फक्त मान हलवून बोलत होते.

मी कॉर्नेट पुढे केलं. "मास्तर, एवढा एक काढून द्याल? घरचं काम आहे."

मास्तरांनी ते हातात घेतलं, आणि रागावलेला माणूसही चांगली वस्तू बघून कसा विरघळतो ते मला दिसलं. एका लोखंडी गजाच्या टोकाला ट्रकच्या बेअरिंगचा गोळा वेल्ड केलेला होता. गज शिकंज्यात आवळून त्यांनी कर्णा त्यावर चढवला आणि बाहेरून सांडशीच्या दांड्यानं हळूहळू दाबत, घासत गेले. अर्ध्या तासात पोचा गायब! नुसती रुपयाएवढी जागा घासून चकचकीत झाली होती, काळ्या केसांत टक्कल पडावं तशी. मी पुन्हा पट्टी ठेवून फोटो काढले. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र शीळ घालत घरी आलो. कॉर्नेट गाडीच्या डिकीतच ठेवलं, रविवारी एकदम सगळ्यांसमोर काढू म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी घरी आलो तर बायको फोन हातात धरून बसलेली, डोळे ओले.

"बाबांचा फोन होता," ती म्हणाली. "इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच विचारलं, 'पोच्याचं काय?' आवाज इतका कापत होता रे! किती काळजी लागलीय त्यांना त्या पोच्याची!"

"काळजी?" मी बूट काढता काढता थांबलो. "पोच्याची कशाला?"

"कशाला म्हणजे? आईचा पोचा आहे तो!"

"आईचा?"

"अरे, दहा वेळा ऐकलीयस तू ती गोष्ट!"

ऐकली असेन. पण सासरे गोष्टी सांगतात जेवणानंतर, आणि जेवणानंतर मी उघड्या डोळ्यांनी बसल्या जागी झोपतो. सगळे हसले की मीही हसतो. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग मी ती गोष्ट पहिल्यांदा जागेपणी ऐकली. बायको तेव्हा तीन महिन्यांची होती. तीन दिवस रडून रडून, घर डोक्यावर घेऊन, अखेर एका दुपारी तिचा डोळा लागला. सासूबाईंनी अंग टाकलं. आणि सासऱ्यांनी त्याच क्षणी, दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाच्या तालमीसाठी, कॉर्नेट तोंडाला लावलं! सासूबाई उठल्या, हाताला लागलं ते दाराचं कुलूप उचललं आणि फेकून मारलं. नवऱ्याला नाही, कॉर्नेटला. नेम अचूक!

"जन्मात एकदाच आई अशी चिडली," बायको म्हणाली. "बाबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो पोचा दाखवून सांगायचे. त्या पोच्याला हात लावू नकोस हं! बाकी काय घासायचं ते घास. कुठाय कॉर्नेट?"

"ऑफिसात," मी म्हणालो. "तज्ज्ञ बघतायत."

मी पुन्हा बूट चढवले आणि जिन्यातून तीनदा खालीवर केलं. जगातली सगळी माणसं पोचे काढून घ्यायला धडपडतात, आणि मला एक पोचा परत हवा होता! बायकोच्या आईची आठवण मी ट्रकच्या बेअरिंगनं घासून पुसून टाकली होती.

शुक्रवारी सकाळी गॅरेज उघडायच्या आधी मी शटरपाशी हजर.

"मास्तर, एक काम होतं. कालपरवा तो पोचा काढलात ना..."

"निघाला नाही नीट?"

"फार नीट निघाला हो! आता तो परत घाला."

मास्तरांनी हातातलं कुलूप खाली ठेवलं. महिनाभरात पहिल्यांदा ते माझ्याशी पूर्ण वाक्य बोलले. "साहेब, पोचा मारायला सांगताय? मला? तुम्ही?"

"विनंती करतोय!"

"मला पोचा मारता येत नाही." त्यांनी हाताची घडी घातली. "मी फक्त काढतो. तुम्ही मागे काय लिहिलंत? मी मारतो म्हणून! आख्ख्या बाजारात नाव गेलं माझं. आधी लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच. मास्तरांना पोचा मारता येत नाही. सही, शिक्का, तारीख."

दुसरा काही इलाज होता का? बॅगेतून कंपनीचा कागद काढला आणि बॉनेटवर ठेवून लिहिलं: 'माझ्या सतरा वर्षांच्या अनुभवावरून प्रमाणित करतो की, सदर मास्तरांना पोचा मारता येत नाही.' खाली सही केली, शिक्का उठवला. मास्तरांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "फोटो दाखवा."

मी मोबाइलवरचे आधीचे फोटो दाखवले. मास्तरांनी ते मोठे करून, कॉर्नेट शेजारी धरून, डोळे बारीक करून पाहिले.

"कुलूप आहे. खालचा कोपरा लागलाय. चार पावलांवरून मारलंय. मारणारी बाई डावखुरी."

सासूबाई डावखुऱ्याच होत्या!

मास्तरांनी मघाशी ठेवलेलं शटरचंच कुलूप डाव्या हातात घेतलं, कर्णा मांडीवर टेकवला, एकदा श्वास घेतला आणि... टण्ण! एकच घाव. मी पट्टी ठेवली. लांबी तीच, रुंदी तीच, खोली तीच, कडेची बारीक चुणीसुद्धा तीच!

"मास्तर," मी म्हणालो, "हे इतकं हुबेहूब... पहिल्याच फटक्यात?"

मास्तर शटर वर ढकलत म्हणाले, "आता कागद दिलाय तुम्ही."

राहिलं होतं ते चकचकीत टक्कल. पितळ काळं पडायला घाम चांगला, असं मास्तरांनी जाता जाता सांगितलं. घामाचा मला त्या दिवसांत तुटवडा नव्हताच! दिवसभर मी एक हात बॅगेत घालून अंगठ्यानं पोचा चोळत बसलो. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "बॅगेत काय आहे?" मी म्हणालो, "कौटुंबिक आहे." त्यांनी पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी कॉर्नेट घरी आणलं. बायकोनं ते मांडीवर घेतलं, अंगठा पोच्यात बसवला आणि घळाघळा रडायला लागली.

"आईच आहे रे ही," ती म्हणाली.

ती ठोकमास्तरांच्या गॅरेजच्या शटरच्या कुलपाला कुरवाळत होती! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सांगावंसं वाटलं, पण सांगणार कसं? मी तिला पाणी आणून दिलं. तिनं मागितलं नव्हतं.

रविवारी सासरे आले. दोन वर्षांत खूपच वाळले होते. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, माझ्या चपलांवर एक नजर टाकून झाली. मग बायकोनं कॉर्नेट त्यांच्या हातात दिलं. त्यांचा अंगठा सरळ पोच्यावर गेला आणि तिथेच थांबला.

मी छाती काढून उभा होतो. "तस्साच आहे बाबा! कुणालाही हात लावू दिला नाही मी!"

सासऱ्यांनी मान खाली घातली. "नाही निघाला म्हणजे," ते पुटपुटले. "असू दे. तुमच्यासारख्या माणसाला जमलं नाही, तर कुणालाच जमायचं नाही."

बायको त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला तो काढायचा होता?"

"मग पोच्याची एवढी माहिती असलेल्या माणसाकडे कशासाठी पाठवलं?" सासरे मफलर नीट करत म्हणाले. "तिला आवडायचं नाही ते. मी पाहुण्यांना ती गोष्ट सांगायला लागलो की ती उठून स्वयंपाकघरात जायची. तुम्ही सगळे हसायचा. मला वाटायचं, कामाला गेली. शेवटच्या आजारात म्हणाली, 'चाळीस वर्षं मी एकदा चिडले तेवढंच सांगताय. एवढा तो पोचा काढून घ्या, मी गेल्यावर तरी दाखवत बसू नका.' मी हो म्हणालो होतो. पण दोन वर्षं हात धजला नाही. गेल्या आठवड्यात धीर केला आणि खोकं भरलं."

मला मात्र आता राहवेना.

"निघाला होता!" मी ओरडलोच. "बाबा, निघाला होता तो! हा आईंचा पोचा नाहीये! हा गॅरेजमधला आहे!"

मग मी सगळं सांगून टाकलं. शिक्षिका, बेअरिंग, फोन, कुलूप, सही, शिक्का, घाम, सगळं. पुराव्याला मोबाइल होताच. काढण्याआधीचे फोटो, काढल्यानंतरचे आणि पुन्हा मारल्यानंतरचे, प्रत्येकावर पट्टी आणि तारीख. सासऱ्यांनी मधला फोटो धरून ठेवला. गुळगुळीत, स्वच्छ कर्णा.

"बुधवारपासून शुक्रवारपर्यंत," ते हळूच म्हणाले. "दोन दिवस तरी तिच्या मनासारखं झालं."

बायकोनं डोळे पुसले. मी लगेच गाडीची किल्ली उचलली. "बाबा, आत्ता नेतो! अर्ध्या तासाचं काम! मास्तर रविवारीसुद्धा..."

"थांबा जावईबापू." त्यांनी पोच्यावरून पुन्हा अंगठा फिरवला. "तिचा पोचा निघाला ना? मग दिलेला शब्द पाळला मी. आता हा कुणाचा?"

"तसा... माझा," मी म्हणालो.

"मग राहू दे." आणि वीस वर्षांत पहिल्यांदा सासरे मला काहीतरी अगदी सरळ म्हणाले, "मला हवाय तो."

एवढं बोलून ते हसायला लागले. कवळी सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! बायकोही हसायला लागली. मग मीही हसलो, आणि या वेळी मला का ते माहीत होतं.

कॉर्नेट आता सासऱ्यांच्या कपाटावर आहे, न घासलेलं. घासायचं की नाही, ते माझ्याकडेच सोपवलंय आणि माझा विचार चालू आहे. ठोकमास्तरांनी माझा कागद फ्रेम करून गॅरेजमध्ये टांगलाय, त्यामुळे मला तिथल्या कुठल्याही पोच्यावर शंका घेता येत नाही. सासरे मात्र खूप सुधारलेत. त्यांच्याकडे पुन्हा माणसं येतात. चहा झाला की ते कॉर्नेट खाली काढतात, पोच्यावर अंगठा ठेवतात आणि सुरुवात करतात, "आमचे जावई सर्व्हेअर आहेत बरं का..."

तेवढ्यात मी उठतो आणि स्वयंपाकघरात जातो. तिथे काही काम नसतं. पण सासूबाई तिथे उभ्या राहून काय करत असतील, ते आता मला बरोबर कळतं.